बारवगावचा कवितेचा आखाडा

आमच्या घरात दिवसा कोणी मोठ्यानं बोलत नसे. कुणाचं सुतक नव्हतं की भांडण नव्हतं. घरातले तीन पुरुष तीन शिफ्टला होते, एवढंच. अण्णा, म्हणजे माझे वडील, फर्स्टला. धाकटा काका सेकंडला. आणि थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, तो थर्डला. त्यामुळे उन्हं डोक्यावर आली तरी आतल्या खोलीत कुणीतरी तोंडावर चादर घेऊन पडलेलं असायचंच. आई परातीखाली फडकं घालून भाकरी थापायची. कुकर आमच्याकडे बरीच वर्षं आलाच नाही, कारण तो शिट्ट्या मारतो. कोंबड्या होत्या, पण कोंबडा आम्ही कधी पाळला नाही. पाहुणे आले की आई दारातच तोंडावर बोट ठेवायची आणि मग त्यांना चहा मिळायचा, त्यामुळे आमचे पाहुणेही हळूहळू कमी झाले. मी बोलायला शिकले तीच कुजबुजत. शाळेत बाईंनी कविता म्हणायला उभं केलं की पहिल्या बाकावरच्या दोघींना ऐकू जायची, तिसरीला नाही.

बोलायची चोरी म्हणून असेल, मी लिहायला लागले. अण्णा कंपनीत क्वालिटीला होते. हातात मापाचं गेज घेऊन एकेक पार्ट तपासायचा आणि बसला तर ठेवायचा, नाही बसला तर लाल पेटीत टाकायचा, हे त्यांचं काम. तपासणीचे जुने कागद ते घरी आणत, एका बाजूनं कोरे असलेले. आई ते चुलीला वापरायची, मी कवितेला. ज्या कविता आईच्या हाती आधी लागल्या त्या वाचल्या नाहीत, पण तेव्हाच्या माझ्या कविता पाहता त्यात मराठी भाषेचं फार नुकसान झालं असं मला आज वाटत नाही.

हल्ली मी चिखलीला सातव्या मजल्यावर राहते. खाली वर्कशॉप, वर ड्रिलमशीनवाला भाडेकरू, शेजारी दोन कुकर. फोनवर मी इतक्या मोठ्यानं बोलते की आज माझ्याकडे भाजी कोणती हे वॉचमनला ठाऊक असतं. पण अजूनही दुपारी एखादी खोली बंद दिसली की माझी पावलं आपोआप चवड्यांवर येतात.

तर आमचं बारवगाव. चाकणच्या पुढं, नदीच्या अंगाला. गावाला दगडी वेस आहे, पाराजवळ ओळीनं उभे केलेले वीरगळ आहेत, आणि जिच्यावरून गावाचं नाव पडलं ती तीन मजली खोल बारव आहे. ती बांधली कुणी, यावर गावात दोन तट होते आणि दोघांकडेही पुरावा नव्हता. माझ्या लहानपणी एसटीचा कंडक्टर फाट्यावर 'बारवगाववाले, चला' असं ओरडायचा. मग कंपनीनं फाट्यासमोर नवं गेट उघडलं आणि कंडक्टर 'कंपनी गेट, कंपनी गेट' म्हणू लागला. बाकी कुणाला त्याचं काही वाटलं नाही, पण सरपंच बाबूराव एकदा हट्टानं उतरलेच नाहीत. म्हणाले, "आमच्या गावाचं नाव घ्येतल्याशिवाय मी उठनार न्हाई." कंडक्टरनं घंटी मारली. बाबूराव थेट पुढच्या गावाला गेले आणि टेम्पोतून परत आले. त्याच आठवड्यात त्यांनी पारावर बैठक बोलावली: गावाचं नाव पुन्हा लोकांच्या तोंडी येईल असं काहीतरी करायचं.

आमचे कदम गुरुजी उभे राहिले. गुरुजी परभणीकडचे, आमच्या हायस्कुलात मराठी शिकवायचे, आणि माझ्या कविता वाचलेला तो गावातला एकमेव माणूस. म्हणाले, "गावाला नाव पायजे असंल तर साहित्य संमेलन भरवा. पेपरवाले आपोआप येतेत."

"ते काय असतंय?" बाबूरावांनी विचारलं.

"लेखक-कवी येतेत, वाचतेत, बोलतेत. लोक ऐकतेत."

"आन जिकतं कोन?"

गुरुजी नुसतेच खाली बसले, आणि तिथंच सगळं ठरलं. बारवगावानं तोवर संमेलन पाहिलेलं नव्हतं. गावाला एकच गोष्ट भरवता यायची, ती म्हणजे जत्रा, आणि जत्रेत आमची शान म्हणजे कुस्त्यांचा आखाडा. संमेलनाची कमिटी म्हणून जत्रेचीच कमिटी बसली. मंडपवाला तोच, हलगीवाला तोच, आणि पैलवानांच्या जोड्या लावायचं आणि पंच म्हणून निकाल द्यायचं काम बावीस वर्षं ज्यांच्याकडे होतं त्या अण्णांकडेच कवींच्या जोड्या लावायचं काम आलं. गुरुजींनी समजावून पाहिलं की कवींना जोड लागत नाही. अण्णा शांतपणे म्हणाले, "गुरुजी, एकटा पार्ट हातात घिऊन चांगला का वाईट सांगता येत न्हाई. शेजारी दुसरा ठिवावा लागतो." गुरुजी कडेला उभ्या माझ्याकडे बघून कपाळाला हात लावत हसले. पुढच्या आठवड्यात चाकणहून हँडबिलं छापून आली. छापणाऱ्यानं जत्रेचाच साचा वापरला होता. वर नारळ-तुरा, मध्ये आमनेसामने कवींचे फोटो, मधोमध 'विरुद्ध', आणि खाली ठळक अक्षरात 'कविता निकाली होतील'.

ते हँडबिल हातात आलं आणि मला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. अकरा जोड्या होत्या. बाविसाव्या नावापर्यंत मी तीनदा वाचलं, जणू काही कुठंतरी मधे माझं नाव मावलं असेल. मी अठरा वर्षांची होते, घरात चार वह्या भरतील एवढ्या कविता होत्या, आणि आयुष्यात एकदा तरी माझी कविता पहिल्या बाकाच्या पलीकडे जावी एवढीच इच्छा होती. अण्णा फर्स्टहून आले, हातपाय धुतले, तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं मागं गेले. आत दादा झोपला होता, म्हणून आमचं ते भांडणही कुजबुजतच झालं.

"अण्णा, माझं नाव घाला ना यादीत. मी पण लिहिते."

"म्हाईत हाय. माज्याच कागदांवर लिव्हतीस."

"मग?"

"पंचाच्या घरचं मानूस आखाड्यात उतरत न्हाई, नंदे. उद्या कुनी म्हनंल, पोरीला सोपी जोड दिली."

"ही कुस्ती नाहीये अण्णा."

"जोडी मीच लावनार ना? मंग नियम त्योच."

हा नियम मला चांगला ठाऊक होता, कारण दादा. दादा तालमीत तयार झालेला, आसपासच्या सगळ्या जत्रांत लढून आलेला, पण आमच्या स्वतःच्या आखाड्यात अण्णांनी त्याला एकदाही उतरू दिलं नाही. दादा निदान दुसऱ्या गावात जाऊन लढत होता. मी कुठं जाणार होते? पंचक्रोशीत कविता वाचायला बोलावणारं गाव एकच होतं आणि त्याचा पंच माझ्या घरात जेवत होता. त्या दिवशी मी आपणहून आईला सगळे कांदे चिरून दिले, म्हणजे डोळ्यांबद्दल कुणी विचारायला नको.

संमेलनाच्या आदल्या दिवशीपासून आमच्या अंगणात मासवडीचा कारखाना सुरू झाला. चुलीवर पिठल्याचा गोळा घोटायचा, ओल्या फडक्यावर थापायचा, त्यावर तीळ, खोबरं, लसूण, कोथिंबिरीचं सारण पसरायचं आणि फडक्यानंच वळकटी करून माशासारखी दाबायची. बारा बायका, चार चुली. आईनं तेवढ्या दोन दिवसांसाठी घरातला कायदा उठवला. दादाला झोपायला मावशीकडं पाठवलं. बायका इतक्या मोठ्यानं बोलत होत्या, हसत होत्या, पाटे घासत होत्या की मी वेड्यासारखी नुसती त्यांच्यातून फिरत राहिले. आई मध्येच मला म्हणाली, "काय गं, दात काडून फिरतीस? वाटन दे हिकडं." आईचा आवाज मोकळा असला की इतका भरदार येतो हे मला त्या दिवशी कळलं.

कार्यक्रम अर्थातच शिफ्टनुसार होता; अण्णांनी मात्र पंच म्हणून रजा टाकली होती. सेकंडवाल्यांसाठी सकाळी सहा जोड्या, फर्स्टवाल्यांसाठी साडेतीननंतर उरलेल्या पाच. थर्डवाले दोन्हीला येऊ शकत होते, त्यांना मागच्या बाजूला सतरंज्या अंथरल्या होत्या, झोप लागली तर कुणी उठवू नये अशी लाउडस्पीकरवर सूचना होती. पाहुणे फाट्यावर उतरले तेव्हा हलगी कडाडली. सगळ्यांना फेटे बांधून बैलगाडीत बसवलं. पुण्याच्या एका सडपातळ कवीचा फेटा नाकापर्यंत उतरला, पण मानाचा फेटा हातानं सारावा की नाही हे त्याला कळेना, म्हणून तो वेशीपर्यंत तसाच आंधळा आला. मैदानात त्यानं हँडबिल पाहिलं आणि अण्णांना विचारलं, "अहो, तुम्ही आमची कुस्ती लावलीय?"

"कुस्ती न्हाई साहेब, जोड. तुमच्या वजनाचाच मानूस बघितलाय," अण्णा म्हणाले. आणि खरंच, समोरचा कवीही तितकाच सडपातळ होता.

एक चूक मात्र भारी झाली. पैलवानाला कुस्तीआधी कुणी जेवायला घालत नाही, कुस्ती झाली की मग पोटभर. अण्णांनी कवींनाही तोच नियम लावला. अंगणातून मासवडीच्या रश्शाचा वास मैदानावर येत होता आणि सकाळपासून चहावर असलेले मोठमोठे कवी आपली पाळी कधी येते म्हणून मान उंच करकरून बघत होते. एरवी कवीला माइकवरून उठवायला चिठ्ठ्या पाठवाव्या लागतात, असं गुरुजी सांगत. आमच्याकडे एकेक जण एकच कविता वाचून, नमस्कार करून, जवळजवळ पळत पंगतीला जायचा. तेव्हापासून इतकी वर्षं मी संमेलनं ऐकत आले, पण वेळेवर संपलेलं ते एकच.

आणि लोक काय रंगले होते. जोड माइकपाशी आली की हलगी वाजायची, दोघं हातात हात द्यायचे, कविता व्हायच्या, मग अण्णा निकाल द्यायचे. एका गझलवाल्यानं ओळ वाचून ती पुन्हा म्हटली, तर मागून आवाज आला, "एकच डाव दोनदा नगं, राव." कवी आधी बिचकले. पण ज्याच्या नावाचा निकाल लागला त्याला दोघातिघांनी खांद्यावर घेतलं, आणि मग मात्र सगळ्यांनाच चेव चढला. पुण्याचा सडपातळ कवी हरला तेव्हा पुन्हा एक जोड द्या म्हणून हटून बसला, जेवण सोडून.

साडेतीनच्या बसेस सुटल्या, निळ्या युनिफॉर्ममधली माणसं डबे हातात घेऊन थेट मैदानात आली. शेवटची जोड बायकांची होती. पुण्याच्या शालिनीबाई, संमेलनाच्या प्रमुख पाहुण्या, साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, सगळ्यात नावाजलेल्या. आणि समोर काळेवाडीच्या एक शिक्षिका. दुपारी निरोप आला, शिक्षिकेच्या लेकराला ताप, त्या येत नाहीत. अण्णांपुढं पेच पडला. बाईची जोड बाईशीच, हा त्यांचा नियम. आणि जोड नसेल तर पैलवान फेटा-नारळ घेऊन न लढता परत जातो, हा आखाड्याचा नियम. गुरुजींनी हात जोडले, "अण्णा, काय करायलात? त्यांचं वाचन ऐकायलाच पेपरवाले थांबलेत."

तेव्हा बाबूरावांनी आखाड्यातली शेवटची रीत काढली. बिनजोडीच्या पैलवानाचा हात वर धरून त्याला रिंगणातून फिरवतात, प्रेक्षकांतून कुणी उठलं तर जोड जमते. बाबूरावांनी शालिनीबाईंना वाकून विचारलं. त्यांनी पदर खोचला आणि हात वर केला. बाबूराव त्यांचा हात धरून मैदानभर फिरायला लागले. "बाईंना जोड हाय का कोन? पुन्याच्या बाईंना जोड हाय का?" हलगी वाजत होती, लोक हसत होते, शालिनीबाई स्वतः हसत होत्या. एक फेरी झाली. दुसरी झाली. मी बायकांच्या बाजूला, वाटणाचे हात पदराला पुसत उभी होते. तिसऱ्या फेरीला त्या माझ्यासमोरून गेल्या आणि मी काय करतेय हे मला कळायच्या आत माझा हात वर होता.

हलगी थांबली. अण्णांनी माइकवरून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा गेज न बसलेला पार्ट हातात आल्यासारखा झाला होता. म्हणाले, "जोड जमत न्हाई. वजनात लई फरक हाय." माझा हात अर्धा खाली आला. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

"थांबा पंच," शालिनीबाई म्हणाल्या. "माझे वडील तालमीतले. मला नियम ठाऊक आहेत. मोठ्या पैलवानानं जोड कबूल केली तर पंचाला नाही म्हणता येत नाही. मी कबूल केली."

नियम खरा होता. अण्णांनी हातातल्या यादीकडे पाहिलं. मग म्हणाले, "कबूल. पन ह्या जोडीला मी पंच न्हाई." त्यांनी माइक गुरुजींच्या हातात दिला, रिंगणाबाहेर गेले आणि निळ्या युनिफॉर्मवाल्यांच्यात मातीत मांडी घालून बसले.

लहान आधी, म्हणून मी आधी. माइक तोंडापाशी आला आणि पहिली ओळ मी सवयीनं कुजबुजलेच. मागून कुणीतरी म्हणालं, "पोरी, हितं कुनी झोपलं न्हाई." खरं तर मागं सतरंजीवर चौदा-पंधरा जण घोरत होते. मी हसले, आणि हसताना घसा मोकळा झाला तो झालाच. कविता आमच्याच घरावर होती.

आमच्या घरात सूर्य तीनदा उगवतो
आणि तिन्ही वेळा आई आधी उठते.
तांब्या हळू ठेव, कडी हळू लाव,
कुणाची तरी रात्र चालू आहे.
मी मोठी होईन तेव्हा
एकदा भर दुपारी, सगळ्यांच्या देखत
आईला मोठ्यानं हाक मारीन:
आई.

ती शेवटची हाक मी खरोखर मारली. चारी कर्ण्यांतून ती गावावर गेली, आणि अंगणातल्या चुलीपासून तितक्याच मोकळ्या आवाजात उत्तर आलं, "ओ, आले." मैदान हसून लोळलं. आई हातातलं उलथनं घेऊन धावत आली, आणि समोर मी माइकवर दिसले तेव्हा तिथंच उभी राहिली. हलगीवाल्यानं थाप मारली. सतरंजीवरचे सगळे जागे झाले. मला असं वाटत होतं की मी आता उडेन आणि वेशीवर जाऊन बसेन.

मग शालिनीबाई पुढं आल्या. बशीत ओतून कुणाची तरी वाट बघत निवत गेलेल्या चहावर त्यांची कविता होती, सगळी मिळून सहा ओळींची. आवाज त्यांनी जरासुद्धा चढवला नाही. पण चौथ्या ओळीला निळ्या युनिफॉर्मवाल्यांनी हातातले डबे मातीत ठेवले, आणि सहावी संपली तेव्हा हलगीवाला थाप मारायचं विसरला. कविता अशी असते हे मला त्या दिवशी दोन हातांवरून दिसलं. मी हरले होते हे मला स्पष्ट कळलं, आणि त्याचा मला भलताच आनंद झाला.

गुरुजींनी मात्र माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि जाहीर करून टाकलं, "बरोबरीत सोडली."

टाळ्या सुरू झाल्या तेवढ्यात अण्णा मातीतून उठून माइकपाशी आले. "गुरुजी, बरोबरी न्हाई. बाई जिकल्या." लोक थबकले. गुरुजी म्हणाले, "अण्णा, पोरगी तुमची हाय." अण्णा म्हणाले, "म्हनूनच सांगतोय. बाई जिकल्या." मग पँटची माती झटकत, जरा खालच्या आवाजात, पण माइक उघडाच होता म्हणून सगळ्या गावाला ऐकू गेलं, "पन पोरीची पाठ टेकली न्हाई." शालिनीबाईंनी माझा हात धरून वर केला, आणि कुणाला खांद्यावर घ्यायचं ते न कळून लोकांनी मधेच उभ्या गुरुजींना उचललं.

पाहुणे जेवून, ढेकर देऊन गेले. मंडपवाला कापड सोडवत होता. कमिटी बारवेच्या पायऱ्यांवर टेकली होती आणि मी किटली घेऊन चहा देत फिरत होते. पेपरवाल्यानं गावाचं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं म्हणून बाबूराव हवेत होते. म्हणाले, "अण्णा, पुढल्या साली दोन दिवसांचं करू. जोड्या आत्तापास्नं बघाय लागा."

"मी न्हाई," अण्णा म्हणाले.

"का वो?"

"घरात पैलवान हाय. तिचं नाव यादीत यायचं आसंल तर मला बाजूला व्हावं लागंल."

बाबूराव गोंधळले. "बरं, कवितेचं ऱ्हाऊ द्या. जत्रेचा आखाडा तर तुमचाच हाय की."

"त्योबी सोडला. गाव एक, पंच एक. अर्धा पंच नसतो."

बाबूरावांनी कप खाली ठेवला. बावीस वर्षांत दादासाठी जे केलं नाही ते अण्णांनी माझ्यासाठी केलं होतं, आणि तेही चहाला साखर कमी आहे म्हणावं तशा आवाजात. मी त्यांच्यासमोर किटली धरून उभी. त्यांनी कप पुढं केला. "वत की, बघत काय ऱ्हायलीस?" मी ओतायला लागले. कप भरला, बशी भरली, चहा त्यांच्या बोटांवरून पायरीवर आला तरी मला थांबायचं सुचेना, आणि त्यांनीही थांब म्हटलं नाही.